नकाशातली पायवाट

लोक मला हमखास विचारतात, "तुम्ही राक्षस, जादू, उडते किल्ले लिहिता, ते वेरूळ बघून सुचतं का?" जवळपास लेणी असली की माणसाला स्वतःचं काही सुचूच शकत नाही, असं का वाटतं देव जाणे! वेरूळला मी शाळेच्या सहलीत गेले होते आणि तिथं माझी चप्पल हरवली. एवढंच.

मला सुचलं ते बाबांच्या नकाशांतून. बाबा मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या, नकाशे काढायचे. बिघडलेले कागद ते घरी आणायचे आणि करमाडच्या घरात फरशीवर पालथी पडून मी मोकळ्या जागांत राक्षस भरायची. बाबा बघून म्हणायचे, "राक्षस ठेव, पण त्याला यायजायला वाट दाखव. वाटेशिवाय रान नसतं." पुढं वाचनालयातली कपाटंच्या कपाटं संपवली मी, पण वाचायला शिकले ते त्या कागदांवर. प्रत्येक रेघेमागं कुणाचं तरी भांडण असतं, हे मला तिथंच कळलं.

बँकेतली नोकरी सोडून कादंबरी लिहिणार म्हटल्यावर त्याच बाबांचं टाळकं सटकलं. "पोटाला काय राक्षस घालणार?" मी तरी कुठं कमी! "तुम्हाला लोकांच्या बांधापलीकडं कधी दिसलंच नाही," असं तोंडावर बोलून निघाले आणि शहरात खोली घेतली. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. कादंबरी छापून आली तेव्हा आईच्या हाती एक प्रत पाठवली, आत एक अक्षरही न लिहिता. अनोळखी लोकांचे फोन आले, कौतुक झालं. खोटं कशाला बोलू, मला एकच वाचक हवा होता आणि त्याचाच पत्ता नव्हता.

परवा आई आली. पिशवीत तूरडाळ आणि डाळीखाली माझं पुस्तक. त्याला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. माझ्या शाळेच्या पुस्तकांना बाबा असंच घालून द्यायचे.

"चूक हाय म्हणले. दुरुस्त कर म्हणावं तिला," आई म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन वर्षं तोंडातून शब्द नाय, अन् आता चुका काढायला बरं जमतंय!"

"अगं, आधी बघ तरी. लई दिवस भिंग घेऊन बसले होते."

पुस्तकाच्या सुरुवातीला माझ्या राज्याचा नकाशा आहे. गोष्टीतली पोरगी बापाशी भांडून गाव सोडते, नदीवरचा पूल मागं जाळून टाकते आणि डोंगरापलीकडच्या बुरुजात राहते. लिहिताना मला ते फार शूर वाटलं होतं. बाबांनी त्या बुरुजापासून तिच्या गावापर्यंत पेन्सिलनं तुटक रेघ ओढली होती. डोंगराला वळसा घालून, जिथं नदीचं पात्र उथळ असेल तिथून. त्यांच्या नकाशांत तुटक रेघ म्हणजे पायवाट. शेजारी त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात शेरा होता :

"वहिवाटीची वाट. कोणी अडवू नये."

मला रडू आवरेना. आई डाळ ओतायला डबा शोधत होती.

"आई, डाळ राहू दे पिशवीत," मी म्हटलं. "वरण तिकडंच करू."