मिस रोझा, राहणार यावल

तंबू-सिनेमात काम केलेल्या माणसाकडे किस्से किती साठतात म्हणता? अहो, गावोगाव तंबू ठोकायचा आणि उपटायचा! दर मुक्कामाला सामानातलं काहीतरी हरवतं, पण किस्से मात्र वाढतच जातात. त्यातल्या निम्म्या थापा असतात, हे मी आधीच कबूल करतो. पण आमच्या बाईंचे किस्से मी पेटीवर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. पटलं तर घ्या, नाहीतर चहा तरी प्या!

बोलपट यायच्या आधीचा काळ. आबा आमचे मालक, गनीचाचा फिडलवर, मी पेटीवर आणि कासम दारावर. रीळ बदलायला वेळ लागायचा. तेवढ्यात बाई पडद्यापुढे येऊन फ्रेंच गाणी म्हणायच्या. जाहिरातीत नाव ‘मिस रोझा, पॅरिसची कोकिळा’. खरं नाव जमना, राहणार यावल!

जळगावला, मेहरूणच्या मुक्कामात, पुढच्या बाकावरून एक जण ओरडला, "बाई, पॅरिस कुठं आलं हो?"

बाई म्हणाल्या, "यावलहून सरळ जा. पाय दुखले की कुणालाही विचार!"

तंबू पडायचाच बाकी राहिला.

*

आता ही गाणी यावलला कशी आली? बाईंचा नवरा मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर फ्रान्सला गेला आणि तिथंच हरवला. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही. सरकारी कागदावर एकच शब्द, ‘बेपत्ता’. त्याच्या सोबतचा एक गडी परत आला, त्यानं बाईंना एक तबकडी दिली. म्हणाला, "वहिनी, दादा तिथं कॉफीच्या दुकानाबाहेर उभा राहून हेच गाणं ऐकायचा."

झालं! बाईंनी तबकडीवरची दोन्ही गाणी पाठ केली. अर्थ एका अक्षराचा ठाऊक नाही. पण दळताना ओवी म्हणावी तशी गाणी त्यांनी आपल्या गळ्यात घोळवली, आणि ती त्यांचीच झाली.

"मना माणूस जित्ता शे," त्या आम्हाला सांगायच्या. "हाई गाणं त्यासले आवडे. कुठंही असले तरी ऐकून थांबतील."

म्हणून आमच्याकडे एक उफराटी रीत होती. बाई गायला लागल्या की गॅसबत्त्या त्यांच्यावर नाही, प्रेक्षकांवर फिरवायच्या! आबा वैतागायचे. "अहो, लोक तुम्हाला बघायला येतात!"

"आणि मी त्यांना," बाई म्हणायच्या.

गाता गाता एकेका बाकावरचा एकेक चेहरा त्या बघत जायच्या. लोकांना वाटायचं, ही पॅरिसची अदा! पण ज्याच्यावर त्यांची नजर थांबायची, तो दचकायचाच.

*

त्या तबकडीला एक चरा होता. सुई तिथं अडकायची, एकच शब्द तीनदा यायचा आणि मग गाणं पुढं सरकायचं. आम्हाला काय माहीत! आम्ही समजलो गाणंच तसं आहे. बाई तो शब्द तीनदा म्हणायच्या, आम्ही तीनदा वाजवायचो.

एक दिवस कासम म्हणाला, "बाईंचा तो तीनदाचा शब्द आला की दारावरची कनात आपोआप बाजूला होते. मी बाहेर बघतो तर कुणी नाही."

"वारा असेल," गनीचाचा म्हणाले.

"मग दुसऱ्या गाण्याला वारा कुठं जातो, चाचा?"

पुढं धुळ्याच्या मुक्कामात एक फ्रेंच पाद्री खेळाला आले. गाणं संपल्यावर आत येऊन त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "बाई, तो शब्द एकदाच आहे."

"अर्थ काय त्याचा?" आबांनी विचारलं.

"आत ये."

आबांना घाम फुटला. "बाई, उद्यापासून एकदाच म्हणा!"

"आता तर तीनदाच म्हणणार!" बाई म्हणाल्या.

*

भुसावळचा एक अँग्लो-इंडियन गार्ड बाईंच्या गाण्यावर भाळला होता. त्यानं एक जाझची तबकडी आणून दिली. बाईंनी ते गाणं पार संथ करून टाकलं. नाचायचं गाणं, पण ऐकताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. गार्डसाहेब हसायच्या तयारीनं आले आणि मान खाली घालून बसले.

जाताना मला म्हणाले, "मागून ट्रम्पेट वाजवणारा कोण? फार दुःखी वाजवतो."

आमच्याकडे ट्रम्पेट नव्हतं हो! गनीचाचा म्हणाले, "साहेबाला चढली होती!" पण त्या दिवसापासून चाचांनी आपली खुर्ची माझ्याजवळ सरकवली, ती कायमचीच.

*

मग यावलहून बाईंचा दीर आला. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की आपल्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, दिवस घालतात, बायको कुंकू पुसते. दीर माणूस वाईट नव्हता. हात जोडून म्हणाला, "वहिनी, दादाले मोकळं करू. तुम्ही हो म्हणा."

बाई अशा भडकल्या की बस! "जित्या माणसाला जाळू? मी हो म्हणायची नाही. नीघ इथून!"

बिचारा डोळे पुसत गेला. त्या संध्याकाळी बाईंनी कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं. मला फार वाईट वाटलं, पण बोलायची छाती कुणाची?

*

आणि आता हे शेवटचं. देवपूरला तंबू होता. भर दुपार, चैत्राचं ऊन, तालीम चालली होती. कासम जेवायला गेलेला. आत आम्ही चौघंच, समोर रिकामे बाक.

बाई गाता गाता मधेच थांबल्या. तिसऱ्या रांगेकडे बघून बोलायला लागल्या, घरात बोलावं तशा.

"इतला उशीर?"

माझी बोटं पेटीवरच राहिली.

"आई गेली. मागल्या साली." मग थोडं थांबून, "भाऊ बरा शे. त्याला दोन पोरं झाली."

गनीचाचांनी माझा दंड धरला. बाकावर कुणीही नव्हतं, देवाशपथ!

"थंडी वाजते?" बाई हसल्या. "इथं तर उन्हाळा शे."

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मधेच मान हलवायच्या. एकदा "नको ना" म्हणाल्या, एवढंच ऐकू आलं. शेवटी पदरानं डोळे पुसले आणि आबांपाशी आल्या.

"आबा, यावलला दिराकडे निरोप धाडा. पुतळा करायला घ्या म्हणावं."

आबा म्हणाले, "बाई... दिराचं तुम्ही ऐकलं नाहीत. आज एकाएकी?"

"काय करू आबा?" बाई म्हणाल्या. "तेच म्हणाले, ‘मी थकनू. आते जाऊ दे माले.’"