आक्काच्या छातीतला आवाज

माझी थोरली बहीण एसटीत कंडक्टर आहे. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. धारूरहून बीडला येणारी तिची गाडी बाजारच्या दिवशी अशी भरते की दारातल्या माणसाला पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून ती तिकिटाचं मशीन उंच धरून पुढून मागं, मागून पुढं फिरते. कुणी पिऊन चढला तर दोरी ओढते आणि त्याला खाली उतरवते. ती नोकरीला लागली तेव्हा भावकीत बरीच कुजबुज झाली होती. तिनं ती कधी मनावर घेतली नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला दम लागायला लागला. मागच्या बाकापर्यंत जाऊन आली की दांडी धरून थांबायची. पुढं पुढं उताणं झोपताही येईना. भिंतीला टेकून, पाठीशी उशा घेऊन ती डोळे मिटायची. गावाकडच्या डॉक्टरांनी आधी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्यानं फरक पडेना, तेव्हा म्हणाले, नोकरी, घर, लेकरं, सगळं ओढता, ताण येणारच. मग झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन आक्का दिवसाही डुलायला लागली, दम मात्र होता तसाच.

मी बीडला राहते, म्हणून दाजी तिला माझ्याकडं घेऊन आले. आम्ही तिघं इथल्या एका डॉक्टरांकडं गेलो. चांगले नावाजलेले, दवाखान्यात कायम गर्दी. त्यांनी दाजींकडं बघून विचारलं, काय होतंय यांना? दाजी बिचारे सांगू लागले, दगदग लई हाय तिला. आक्का मध्ये काही बोलणार, तोवर डॉक्टरांनी साडीवरूनच दोन ठिकाणी यंत्र टेकवलं आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. दमा असावा, थोडं मनाचंही आहे, म्हणाले. ओढायचा पंप दिला. वर सांगितलं, जरा बाहेर पडा, कपिलधारच्या धबधब्याला वगैरे जाऊन या, मन मोकळं होईल. बाहेर आल्यावर आक्का हसली. रोज एवढा मुलूख हिंडणाऱ्या बाईला हिंडून या म्हणतात, म्हणाली. हसता हसताच तिला धाप लागली आणि ती दवाखान्याच्या पायरीवर बसली.

पंपानं काही झालं नाही. उलट छातीत धडधड वाढली. एका सकाळी खोकताना थुंकीत रक्त दिसलं. घरातले सगळे टीबीच्या भीतीनं गळाठले. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. दाजी म्हणाले, आता दुसरा डॉक्टर बघू. आक्का नाही म्हणाली. तिचं म्हणणं असं, की नव्या माणसापुढं पुन्हा पहिल्यापासून कशाला? या डॉक्टरांनी नीट ऐकलेलं नाही, तर आता यांनीच ऐकायचं.

आम्ही परत त्यांच्याकडं गेलो. डॉक्टर पुन्हा दाजींकडं वळले. आक्का शांतपणे म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दुखणं माझं हाय, मला इचारा." त्यांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. तिनं सगळं सांगितलं, आडवं पडल्यावर गुदमरतं, चढण चढवत नाही, थुंकीत रक्त आलं. मग ती उठून पडद्यामागं गेली आणि तिथून म्हणाली, "आजवर एकानंबी माझी छाती नीट ऐकली न्हाई. समद्यांनी साडीवरनं यंत्र लावलं. माझी बहीण हितं उभी राहील. तुमी नीट ऐका."

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. ते आत आले. एकदा ऐकलं. मग तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, पंखा बंद करायला लावला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा बदलताना मी बघत होते. यंत्र कानातून काढून ते तिलाच म्हणाले, "हे मला मागच्याच वेळी ऐकू यायला पाहिजे होतं. हा दमा नाही. हृदयाची झडप आखडलेली वाटते."

त्यांनी स्वतः फोन लावून त्याच दिवशी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी करवली. झडप खरंच आखडलेली होती. लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का, असं त्यांनी विचारलं. फोनवर आईला आठवलं, आज गुडघा, उद्या घोटा, असं महिनाभर चाललं होतं. वाढीच्या वयात दुखतंच, असं तेव्हा कुणी डॉक्टरच म्हणाले होते. त्या तापानंच पुढं झडप बिघडवली होती.

संभाजीनगरला मांडीतल्या शिरेतून नळी घालून, फुगा फुगवून तिची झडप मोकळी केली. त्या दिवशी संध्याकाळी आक्का उशीवर डोकं टेकून सपाट झोपली. दाजी खाटेशेजारी उभे राहून नुसते बघत होते. मला म्हणाले, तुझ्या बहिणीनं स्वतःचा जीव स्वतः वाचवला बघ.

तपासणी, इंजेक्शनं अजून चालू आहेत, पण ती कामावर परत गेली. आता डेपोतल्या बायका, गाडीतल्या ओळखीच्या बायका तिला आपलं दुखणं सांगतात. ती औषध सांगत नाही. डॉक्टरपुढं कसं बोलायचं ते सांगते. नवऱ्याला बोलू द्यायचं नाही, कधीपासून होतंय ते आधी सांगायचं, मनाचं आहे म्हणाले तर विचारायचं, कशावरनं म्हणता? तपासून म्हणता का?

गेल्या महिन्यात मी तिच्या गाडीनं धारूरला गेले. शेजारी तलवाड्याची एक बाई बसली होती. त्या कंडक्टरबाईंनी मला दवाखान्यात बोलायला शिकवलं, असं ती मला सांगू लागली. माझा थायरॉईड त्यामुळंच सापडला, म्हणाली. मी तिचं सगळं बोलणं पुरं होऊ दिलं. मग सांगितलं, ती माझी सख्खी बहीण आहे.