वच्छलामावशीचं नख

साखरखेर्ड्याच्या शिवारात अर्जुनरावांचा कपाशीचा बीजप्लॉट होता आणि मी, आसिम, कृषी पदविकेच्या जोरावर तिथं बियाणे कंपनीचा माणूस म्हणून मिरवत होतो. बीटी नवी होती तेव्हाची गोष्ट. कपाशीनं गावोगाव लोकांना जेरीस आणलं होतं, पण जिथं बियाणंच तयार व्हायचं तिथं बायांना दोन महिने हक्काचं काम मिळे. आमच्याकडे वीस बाया होत्या आणि त्यांची मुकादम वच्छलाबाई.

काम मोठं नाजूक. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याचं नख बुडाशी फिरवून पाकळ्या आणि पुंकेसर एका झटक्यात काढायचे, आतली कोवळी बोंडी मात्र शाबूत ठेवायची. सकाळी तिला नराच्या फुलाचे पराग लावून लाल दोरा बांधायचा. मावशीनं उजव्या अंगठ्याचं नख असं जपलेलं, की घरी भांड्याला हात लावायची नाही. सून कुरकुरली तर म्हणायची, नख मोडलं तर उद्या तुह्या बापाले पाठव प्लॉटवर.

त्या साली बोंडं फोडली तर अर्धी सरकी पोचट. वरून साहेबांचा फोन आला आणि मी अक्कल पाजळली. बायांची नखं खोल जातात, बोंडीला इजा होते, असा कागदच टाइप करून आणला. मावशीनं त्यावर अंगठा दिला की टोळी बदलणार, म्हणजे वीसही जणी घरी.

मी वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"ज्या अंगठ्यावर आळ, त्याचाच ठसा पायजे तुले? कधी कळीच्या आत पाह्यलं काय बे?"

नव्हतं पाहिलं, खोटं कशाला बोलू! फुलाच्या पोटातल्या बीजांडाची आकृती मी परीक्षेत दहा मार्कांसाठी काढली होती, तेवढंच.

एक कळी वाया गेली तरी तिचा जीव तुटायचा. त्या दिवशी मात्र तिनं पुढच्या-मागच्या ओळींतल्या, कुणीच हात न लावलेल्या दहा कळ्या तोडल्या आणि माझ्यासमोर एकेक बोंडी नखानं उभी चिरली. पहिल्या ओळींतल्या कळ्यांत खसखशीएवढे पांढरे, टपोरे कण. ही बीजांडं, त्यांचीच पुढे सरकी होते. मागच्या ओळींतल्या कळ्यांत मात्र तेच कण सुकलेले, चिमलेले. मी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मागच्या सगळ्या ओळी मादी वाणाच्या, म्हणजे ज्या झाडांवर बी धरतं त्या वाणाच्या, कंपनीनं दिलेल्या दुसऱ्या पिशवीतल्या होत्या.

"इथं नख लागलंच नाही अजून," मावशी म्हणाली. "खोट जन्माचीच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नमुने मी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: त्या पिशवीतल्या झाडांत बीजांड घडवणारं जनुकच बिघडलेलं, मूळ मादी वाणातूनच आलेलं. मावशीला सांगितलं तर म्हणाली, मंग मी काय येगळं सांगतलं होतं?

नवा कागद केला: दोष बियाण्याचा, मजुरांचा नाही. तिनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, वीसही जणींना ऐकवला आणि शाईत बुडवलेला अंगठा असा दाबला, की नखानं कागद चंद्रकोरीसारखा कापला गेला.

साहेबांनी फोनवर विचारलं, कागद फाटका का पाठवलास?

"फाटका नाही साहेब," मी म्हणालो, "वच्छलाबाईंची सही आहे ती."