भुजंगाची पावलं

सांबप्पा मास्तर मूळचे पालमचे. बाप नंदी घडवायचा, हात त्याचाच. निजाम गेल्यावर सेलूच्या त्यांच्या शाळेत उर्दू जाऊन मराठी आली तेव्हा बरेच मास्तर गडबडले. सांबप्पांना फरक पडला नाही. चित्राच्या तासाला ते बोलतच कमी.

त्रेपन्न साली पेडगावचा व्यंकटी त्यांच्याकडं आला. त्याचा थोरला भाऊ भुजंग पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी रझाकारांच्या गोळीनं गेला होता. गावाला त्याचा छातीपर्यंतचा पुतळा पाहिजे होता. फोटो एकही नव्हता.

मास्तरांनी आधी मातीत तोंड घडवलं. गावातला एक म्हणे नाक बसकं, दुसरा म्हणे धारदार. मिशी तीनदा लावली, तीनदा पुसली. सात रविवार असे गेले. शेवटी ते तोंड सगळ्या गावासारखं दिसायला लागलं, भुजंगासारखं काही होईना. मास्तर चक्रावले.

भुजंगाची बायको पारूबाई लांबून बघायची.

"तुमी तरी सांगा, बाई."

"म्या काय सांगू? त्यांच्या तोंडाकडं कवा नीट बघितलंच न्हाई. समोर सासरा बसलेला. खाली मान घालून भाकर वाढायची. पाय सांगते. अंगठ्यापरीस शेजारचं बोट लांब. डाव्या टाचेला भेग, चिंचोका मावंल एवढी. मास्तर, एकदा तरी मला ते वळखू यावेत."

मास्तरांनी मातीचं तोंड मोडलं. "पावलंच घडवतो."

"लोक म्हणतील मास्तरला दगड पुरला न्हाई!" व्यंकटी म्हणाला.

"वैनीला तोंड ठावं न्हाई, तुला सख्ख्या भावाचं नाक ठावं न्हाई. मग काय तुझं थोबाड घडवू?"

दगड काळा, कडक. छिन्नीला दिवसातून चारदा धार. एका बोटाला दोन दिवस. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली.

पारूबाई आली. पदरानं धूळ पुसली. लांब बोटावर तिचा हात थांबला. "हेच," ती म्हणाली. मग हात टाचेकडं गेला.

"मास्तर, भेग ह्या पायाला नव्हती."

पारूबाईच्या सांगण्यावरून पावलं काढलेला कागद मास्तरांनी उघडून बघितला. कागदावर भेग डाव्या टाचेलाच होती. पण कोळशानं काढलेला तो कागद त्यांनी रेघा उठवायला दगडावर पालथा घालून चोळला होता. पालथ्या कागदाचं डावं ते उजवं होतं. दरसाल पोरांना हेच शिकवायचे ते. दोन्ही पायांची बोटं सारखी, म्हणून ध्यानात आलं नाही. त्यांच्या हाताखालची पोरं पुढं कागदाच्या कोपऱ्यात आधी 'डावं' लिहीत, ते तेव्हापासून.

तोडलेला दगड भरता येत नाही.

पारूबाई म्हणाली, "पाच वर्सं झाली. ते असते, चालते, तर ह्या टाचेलाबी भेग पडलीच असती की. आता डावीला पाडा."

हे खरं करणं की खोटं, मास्तरांना उमजेना. शेवटपर्यंत उमजलं नाही. त्यांनी छिन्नी धरली. पारूबाई शेजारी बसून राहिली. घाव मोजून, हलके. थोड्या वेळानं तिनं भेगेत बोट घालून बघितलं.

"अजून जराशी," ती म्हणाली.