मिनिटाला छत्तीस फेरे

“हा कंडक्टर पळतोय,” डॉक्टर म्हणाले. “संथ भाग आहे हा. जरा श्वास घेऊ द्या की वाद्यांना.”

“पळत नाही. त्याला हा भाग असाच दिसला,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “तुम्हाला सगळंच रडकं लागतं.”

तिसऱ्या संध्याकाळीही हाच वाद. मी बंगल्यात फ्यूज बदलत होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. अहेरीकडच्या जंगलात एक सॉ-मिल होती, मी तिथला इलेक्ट्रिशियन. साहेबांनी मुंबईहून रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच पेटीत, आणला होता. त्यावर ते आणि मिलच्या दवाखान्याचे डॉक्टर सिम्फनी ऐकत. सिम्फनी म्हणजे साठ-सत्तर जणांनी मिळून वाजवायची रचना. कंडक्टर पुढे उभा राहून लय ठरवतो. मला त्यातलं एवढंच कळायचं.

“आणि स्वरही चढलेत,” डॉक्टर म्हणाले. “गेल्या महिन्यात याच रेकॉर्डला असं नव्हतं.”

माझा हात थांबला. मी मूल गावचा, भजनात पेटी वाजवलेली. लय वाढवली म्हणून स्वर चढत नाही. दोन्ही वाढले, म्हणजे तबकडीच जोरात फिरते आहे. तिची मोटर आमच्या जनरेटरच्या वेगानुसार फिरते. जनरेटर वाफेच्या इंजिनावर. करवतीही त्याच इंजिनावर.

रेकॉर्डच्या लेबलावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि घड्याळ धरून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीसच्या जरा वर हवे होते. छत्तीस भरले. पुन्हा मोजले. छत्तीसच.

“साहेब, इंजिन जोरात चाललंय. मिल थांबवायला पाहिजे.”

“उद्या रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरची गाडी भरायची आहे. एका रेकॉर्डसाठी मिल बंद?”

“रेकॉर्डसाठी नाही. वेग असाच वाढला तर करवतीचं पातं फुटेल. पुढ्यात सोमाजीभाऊ उभे आहेत.”

डॉक्टरांनी सुई उचलली. खोलीत शांतता झाली, तशी शेडमधली करवत ऐकू आली. कर्कश.

“जा,” साहेब म्हणाले.

मी धावलो. सोमाजीभाऊ सागाचा ओंडका पात्याकडे रेटत होते.

“भाऊ, लाकूड मागं घ्या! बाजूले व्हा!”

“काऊन गा?”

“वाफ बंद करून राह्यलो!”

त्यांनी ओंडका ओढला. मी व्हॉल्व्ह फिरवला. पातं थांबायला लागलेला तो वेळ मला फार मोठा वाटला.

मग गव्हर्नर पाहिला. इंजिनाचा वेग वाढला की वाफ कमी करणारं हे यंत्र. त्याचा पट्टा तेलानं भिजून घसरत होता. गव्हर्नरला वाटे इंजिन मंद आहे, म्हणून तो जास्त वाफ सोडी. पट्ट्याची शिवण अर्धी उसवली होती. ती तुटली असती तर वाफ पुरी उघडली असती.

“परवापासून पातं बोंबलून राह्यलं,” सोमाजीभाऊ म्हणाले. “इंजिनाच्या मिस्त्रीले सांगतलं, त्यानं ऐकलं नाई.”

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा चढला. गाडी अर्धा दिवस उशिरा गेली. तबकडी ठीक फिरू लागली. डॉक्टरांना कंडक्टर तरीही घाईचाच वाटला.

साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. “व्होल्टमीटर काय दाखवत होता?”

“बरोबर दाखवत होता, साहेब. काटा वर गेला की मीच रेग्युलेटर फिरवून खाली आणायचो. आठ दिवस. त्यामुळे इंजिनाचा वाढलेला वेग काट्यावर दिसलाच नाही.”

“काटा वर का जातो, ते पाहिलं नाहीत?”

“नाही.”

“हे लिहून द्या.”

मी लिहून दिलं, खाली सही केली. पुढे तीस वर्षं नोकरी केली. काटा हलला की आधी कारण शोधायचं आणि मगच रेग्युलेटरला हात लावायचा, एवढं त्या कागदानं शिकवलं.