हॉटेलच्या फॉर्मवरचं चौथं नाव

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याला दुबईत नोकरी लागली आणि कंपनीने फॅक्सने एक फॉर्म पाठवला. भाड्याचं घर मिळेपर्यंत पंधरा दिवस हॉटेलात राहायचं होतं, त्यासाठी कुटुंबातल्या माणसांची नावं, वयं आणि खाण्याच्या सवयी हव्या होत्या. फॉर्म भरणं हे आमच्याकडे पहिल्यापासून माझं खातं. मी नवऱ्याचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, नऊ वर्षांच्या मुलीचं लिहिलं आणि चौथ्या ओळीत कुत्र्याचं लिहिलं. आपल्याकडे लिहितात तसं पूर्ण: आधी त्याचं नाव, मध्ये नवऱ्याचं, शेवटी आडनाव. पुण्यात त्याच्या लसीकरणाच्या पुस्तकातही तसंच लिहिलेलं होतं, आणि ते वाचून डॉक्टर कधी हसले नव्हते. वय चार वर्षं. खाण्याच्या सवयी: दूध, पोळी, उकडलेली अंडी, तिखट नको.

यात लपवाछपवी नव्हती. घरातला चौथा मेंबर म्हणजे कुत्रा हे सगळ्या जगाला ठाऊकच आहे, अशी माझी समजूत होती. चार दिवसांनी हॉटेलचा फॅक्स आला की चारही पाहुण्यांचं स्वागत आहे. तो कागद घेऊन मी सोसायटीत घरोघरी हिंडले. “आखाती देशात कुत्रा नेताय? काहीतरीच!” म्हणणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर दोनदा दाखवला.

कारण त्या कागदावर सगळंच अवलंबून होतं. मुलीने साफ सांगून टाकलं होतं, तो येणार असेल तरच मी येणार. मीही भेटेल त्याला हेच सांगत होते, पोरगी त्याच्याशिवाय एक दिवस राहायची नाही हो. नवरा बिचारा बाडबिस्तरा बांधत होता आणि आम्ही दोघी अडून बसलो होतो.

आमचा कुत्रा कारवानी जातीचा, शिकारीचा. सांगोल्याकडच्या एका धनगराकडून पिल्लू म्हणून आणलेला. उंच पाय, आत ओढलेलं पोट, लांब निमुळतं तोंड. पुण्यात लोक थांबून विचारायचे, “याला खायला घालत नाही का?” मला त्या प्रश्नाचा मनस्वी राग यायचा. एवढं अंडं-दूध मी नवऱ्यालाही कधी घातलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आम्ही दुबईला उतरलो. कुत्र्याचं परमिट कंपनीच्या पीआरओने, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या मलयाळी गृहस्थांनी काढलं होतं. हॉटेलचं बुकिंग ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीतरी केलेलं, त्यामुळे या हाताचं त्या हाताला ठाऊक नव्हतं. पीआरओ कार्गोतून कुत्र्याचा पिंजरा सोडवून पिकअपमध्ये घालून आला आणि आमची वरात हॉटेलच्या दारात थांबली. काय ते दार! पितळेच्या मुठी, आत संगमरवर, अत्तरासारखा वास आणि अंगावर येणारा गारवा. मला तर नाचावंसं वाटत होतं.

काउंटरवर इजिप्शियन मॅनेजर होते. हसतमुख, गोरेगोमटे. त्यांनी आमच्यासमोर एक टोपली ठेवली. तिच्यात चॉकलेटं, रंगीत खडू, चित्रांचं पुस्तक आणि हवा भरून पोहायची एक पिवळी रिंग. “फॉर यंग मास्टर,” ते म्हणाले आणि आमच्या मागे बघू लागले. खोलीत लहान पलंग लावलाय, सकाळी उकडलेली अंडी येतील, तिखट अजिबात घालणार नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, “व्हेअर इज युअर सन, मॅडम?”

मी मोठ्या अभिमानाने काचेबाहेर बोट दाखवलं. पीआरओने नुकताच त्याला पिंजऱ्यातून काढला होता आणि तो खजुराच्या झाडाखाली आळोखेपिळोखे देत होता.

मॅनेजरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, मग नवऱ्याकडे, कारण फॉर्मवर बापाचं नाव नवऱ्याचं होतं. नवरा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मुलीला हसू फुटलं. मलाही फुटलं असतं, पण तेवढ्यात मॅनेजर म्हणाले की कुत्रा आत येऊ शकत नाही. लॉबीत नाही, खोलीत नाही, मागच्या बागेतसुद्धा नाही.

माझं डोकं सणकलं. फॅक्स काढून मी काउंटरवर आपटला. कुत्र्याला झाडाला बांधून आत आलेला पीआरओ हिंदीत विनवू लागला, “मॅडम, गुस्सा नहीं. इदर रूल है. मैं कल देखेगा, इन्शाल्ला कुछ हो जाएगा.”

“कल नाही, आज! एवढासा जीव विमानाच्या पोटातून आलाय,” मी मराठीतच ओरडले. नवरा हळूच म्हणाला, “अगं, सगळे बघतायत.”

“बघू देत!”

मॅनेजर शांतपणे समजावू लागले. लॉबीच्या पलीकडे नमाजाची खोली होती. लोक हातपाय धुऊन तिथे जातात. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर तो पुन्हा धुवावा लागतो, भांड्याला लागली तर सात वेळा, त्यातही एकदा मातीने. “आम्हाला तुमचा कुत्रा आवडत नाही असं नाही, मॅडम. पण हे घर जेवढं तुमचं, तेवढं त्यांचंही आहे.”

मी उत्तर द्यायला गेले आणि एकदम आठवल्या माझ्या सासूबाई! पूजेचं सोवळं नेसून त्या देवघराकडे निघाल्या की मी स्वतः कुत्र्याला गॅलरीत कोंडायची. चुकून त्याचं नाक लागलं तर त्या बिनतक्रार पुन्हा आंघोळीला जायच्या. त्यांच्या सोवळ्याला मी कधी अपमान म्हटलं नव्हतं. मग या माणसांच्या सोवळ्याचाच मला एवढा राग का यावा? राग ओसरला आणि त्याच्या जागी भीती आली. मुलगी एव्हाना बाहेर जाऊन कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून फरशीवर बसली होती.

“केनेल है एक, कुत्ता रखने का,” पीआरओ म्हणाला. “एक दिन का साठ दिरहम.”

“साठ दिरहम म्हणजे सातशे रुपये!” नवरा म्हणाला. “रोजचे?”

“लेकिन अभी फुल है,” पीआरओने पुढे सांगितलं. संपलंच म्हणायचं.

तेवढ्यात लॉबीत कॉफी पीत बसलेले एक वृद्ध अरब गृहस्थ उठले. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात बारीक काठी. ते आमच्याजवळून तडक बाहेर गेले. मला वाटलं, झालं, आता हे हाकलून देणार. मी धावले. पण ते कुत्र्यापासून हातभर अंतरावर थांबले, त्याच्या पायांकडे, पोटाकडे, पाठीच्या कण्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे चमकले.

“सलूकी?” त्यांनी विचारलं. आणि मग चक्क हिंदीत, “किदर से लाया?” तरुणपणी ते व्यापारासाठी मुंबईला येत असत.

सलूकी म्हणजे त्यांचा वाळवंटातला शिकारी कुत्रा, हे पीआरओने सांगितलं. वाळवंटातले भटके बेदुइन लोक त्याला इतर कुत्र्यांत मोजत नाहीत, तंबूतसुद्धा घेतात म्हणे. मी सांगितलं की हा सलूकी नाही, आमच्या सांगोल्याचा आहे. “सांगोला,” म्हातारबाबांनी शब्द घोळवून पाहिला. मग त्यांनी दोन बोटांनी त्याची कंबर हवेतच मोजली आणि म्हणाले, “देखो, कितना अच्छा! माशाल्ला!” चार वर्षं लोकांची बोलणी खाल्लेल्या त्या बारक्या पोटाचं असं कौतुक! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांची गावाबाहेर वाडी होती, तिथे त्यांचे पाच सलूकी होते. पंधरा दिवस तो तिथे राहील, त्यांनी मुलीलाच सांगितलं, आम्हाला नाही. तिने विचारलं, “विल यू गिव्ह हिम एग्ज?” त्यांनी छातीवर हात ठेवला. तिने दोरी त्यांच्या हातात दिली. मॅनेजर दारात उभे राहून सगळं बघत होते. पिवळी रिंग त्यांनी मुलीला देऊन टाकली.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. आमच्याकडे गाडी नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी म्हातारबाबा फोन करून मुलीला बातमी द्यायचे. “आज खाना खाया.” “आज बहुत भागा.” ती ऐकून घ्यायची आणि पोहायला पळायची. फोन ठेवल्यावर मीच तिला दहा प्रश्न विचारायची. किती खाल्लं? रडत नाही ना? आपली आठवण काढतो का? “आई, हाऊ वुड ही नो?” ती वैतागून म्हणायची.

दुबईजवळच्या अजमानमध्ये फ्लॅट मिळाला. मी तीन ठिकाणी आधीच विचारलं होतं, कुत्रा चालेल ना? चौथ्याने हो म्हटलं तेव्हाच चावी घेतली. शुक्रवारी सकाळी पीआरओच्या गाडीतून आम्ही वाडीवर गेलो. मी रात्रीच अंडी उकडून ठेवली होती आणि सामानातली त्याची दुसरी, जुनी दोरी धुऊन पर्समध्ये घातली होती.

तो दिसला तेव्हा धावायला निघत होता. एका पिकअपच्या मागे लांब दोरीला हरणाच्या कातड्याचा गोळा बांधला होता, आणि सहा कुत्रे त्याच्या रोखाने उभे होते. “यल्ला! चलो!” म्हातारबाबा ओरडले. गाडी सुटली. अरे देवा, काय पळत होता तो! पुण्याच्या बागेत दोरी ताणून चालणारा आमचा कुत्रा पोट वाळूसरसं नेऊन, कान मागे टाकून, चारही पाय एकदम हवेत घेऊन सुटला होता. पाचवा होता, मग तिसरा, मग दुसरा. नवरा क्रिकेटची मॅच असल्यासारखा ओरडत होता. मुलगी पीआरओच्या गाडीच्या टपावर चढली. मी चपला हातात घेऊन वाळूतून धावत होते आणि घसा फुटेपर्यंत त्याचं पूर्ण नाव घेत होते, बापाच्या नावासकट. तो दुसरा आला. म्हातारबाबा आनंदाने टाळ्या वाजवत होते.

तो धापा टाकत आमच्याकडे आला, अंडी खाल्ली, मागच्या पायांवर उभं राहून टपावरून वाकलेल्या मुलीचं तोंड चाटलं, वाळूत बसलेल्या माझ्या कुशीत डोकं खुपसलं. मी दोरी काढली. तेवढ्यात पुन्हा पिकअप सुरू झाली आणि तो वळून गाडीकडे बघत थरथरू लागला.

“आई, लेट हिम स्टे,” मुलगी म्हणाली. “इथे तो हॅपी आहे. आपण एव्हरी फ्रायडे येऊ ना?” किती सहज म्हणाली ती! डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही.

महिनाभर मी सोसायटीला, कंपनीला, हॉटेलच्या मॅनेजरांना, सगळ्या जगाला सांगत होते की पोरगी त्याच्याशिवाय राहायची नाही. हातातल्या दोरीला मी घट्ट पीळ दिला.

“आणि मी?” मी म्हणाले.

मुलगी टपावरून उतरली आणि माझ्या शेजारी वाळूत येऊन बसली.