रस्सीखेचीचा मग

लढाईतला मग सापडला म्हटलं की आमचा केरबा सुभेदार भरल्या ताटावरनं उठायचा. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या साहेबांनी कुस्तीत, नेमबाजीत जिंकलेल्या जवानांना चांदीचा मुलामा दिलेले मग दिले होते, वर नावं कोरून. साताऱ्याकडं घरटी फौजी, त्यामुळं इकडं ते पुष्कळ आले. पण कुणाकडं त्यानं दूध मापत, कुणाच्या न्हाणीत तो तांब्या होऊन पडलेला. पेन्शनीत आल्यावर केरबा गावोगाव हिंडून, भांडीवाल्यांच्या मोडीत हात घालून ते गोळा करायचा आणि काचेच्या कपाटात मांडायचा.

"राखंनं घासू नगा गं बायांनू, अक्षरं जात्यात," म्हणून दारोदार विनवायचा.

बायको म्हणायची, "देवाला कवा हात जोडलं न्हाईत, मगाला जोडतोय!"

त्याला खरा हवा होता तो एकच. त्याचा बा गुंडा, केरबा पोटात असतानाच ब्रह्मदेशात पडला. घरात ना फोटो, ना कपडा. त्र्याण्णव साली फलटणचा एक म्हातारा फौजी म्हणाला, "तुज्या बाच्या गड्यांनी रस्सीखेच मारली, तवा साहेबानं मग दिला. आठ जणांची नावं, तुज्या बाचं बी. मागनं त्यातल्याच आटपाडीकडच्या कोंडीबानं न्येला."

केरबानं एसटीच्या कंडक्टरकडनं सांगावा धाडला, पलटणीचा माणूस मग बघायला येतोय. आणि पुढच्या बाजारादिवशी गेला.

कोंडीबा कधीच वारला होता. त्याची बायको तानुबाई मेंढरांच्या वाड्यापुढं बसलेली. तिनं पदराखालचा मग काढला.

"बग बाबा. रोज राखंनं घासतेच, पर पलटणीचा पाव्हना येनार म्हनून आज सकाळधरनं चिंच बी लावून घासलाय. आरसा केलाय आरसा!"

मग खरंच झळकत होता. मुलामा जाऊन पितळ उघडं पडलेलं. केरबानं तो उन्हाला धरला, नख फिरवलं. अंड्यासारखा गुळगुळीत. त्यानं तो परत परत फिरवून बघितला.

"का रं, आवडला न्हाई?"

"आवं मावशी, ह्येच्यावर माज्या बाचं नाव हुतं."

"नाव कुटं जातंय?" म्हातारी उलट त्यालाच म्हणाली. "कोन तुजा बा?"

"गुंडा."

"गुंड्याचा ल्योक व्हय तू!" तिनं मग ओढून घेतला. "आमचा धनी बाजार करून, जरा घिऊन आला, की ह्यो मग हातात फिरवायचा आन एकेकाचं नाव घिऊन शिव्या द्यायचा. कुनाचं नाव कुटं, मला पाठ झालंय." तिचं बोट फिरत मगाच्या कानाच्या बुडाशी थांबलं. "ह्यो तुजा बा. शेवटचा गडी. दोर कमरंला गुंडाळून बसायचा म्हनं. दोर हलायचा न्हाई, पर तोंड गप बसायचं न्हाई."

"माज्या बाला शिव्या का?"

"धन्याची तंबाखू रोज त्योच खायाचा! मेला तवा चंची बी त्याच्याच खिशात. धनी म्हातारा झाला तरी वरडायचा, गुंड्या, चंची दे माजी!"

केरबा हसायला लागला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. त्यानं कंबरेची चंची सोडून तिच्या पुढ्यात ठेवली. "घ्या मावशी. बाच्या वतीनं."

म्हातारीनं चिमूट तोंडात टाकली, चव घेतली. "लय उशीर केला गुंड्यानं," म्हणाली, आणि तो मग त्याच्या हातात दिला. "ने. पर कपाटात कोंडू नगंस. त्येला मानसांत बसायची सवय हाय."

कोरीव नावांचे मग आजही कपाटात कुलपात आहेत. हा मात्र पाण्याच्या माठावर पालथा असतो. आम्ही येणारेजाणारे त्यानंच पाणी पितो. केरबा एवढंच बघतो की कानाच्या बुडाला कुणाचा अंगठा लागू नये.

"तिथं तर काय बी न्हाई गड्या," मी एकदा म्हटलं.

"बा बसलाय तितं," केरबा म्हणाला. "जरा सरकून धर."